कोपराची खूण

तिला घरीदारी सगळे तंद्री म्हणायचे, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. दूध उतू जाताना ही दुधाकडेच बघत उभी असायची. "अगं बाई, गॅस बंद कर!" म्हणून आत्या ओरडली की ही शांतपणे म्हणायची, "बघतेय ना मी." बघत असायची हे अगदी खरं. बंद करायचं तेवढं राहून जायचं. आत्याने ओटा पुसून पुसून एक दिवस जाहीर केलं, की या मुलीला डोळे दिलेत, पण डोळ्यांना जोडलेले हात द्यायला देव विसरला.

अशा मुलीला अर्थशास्त्राचं वेड लागावं, हे आत्याला पटतच नव्हतं. "हिला बाजारातून मिठाची पुडी आणता येत नाही, आणि ही म्हणे अर्थशास्त्र शिकणार!" पण त्यातलं इंगित आत्याला माहीत नव्हतं. वेड लागलं होतं ते बाबांच्या शेजारी बसून, फुलांच्या लिलावात.

बाबा फुलांचे खरेदीदार. शहरातल्या बऱ्याच दुकानांची फुलं रोज तेच घ्यायचे. पहाटे उजाडता उजाडता लिलावाचं सभागृह भरायचं. नाट्यगृहासारख्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर खुर्च्या, प्रत्येक खुर्चीच्या हाताला एक बटण. समोरच्या भिंतीवर ही भली मोठी गोल तबकडी. डावीकडच्या दारातून फुलांची गाडी आत यायची, तबकडीखाली थांबायची, आणि तबकडीवर लाल ठिपका पेटायचा. ठिपका पेटायचा तो सगळ्यात वर, सगळ्यात महाग भावावर, आणि मग हळूहळू खाली सरकायला लागायचा. ज्याने पहिल्यांदा बटण दाबलं त्याची गाडी, त्या भावाला. लवकर दाबलं तर महागात पडायचं, थांबावं तर दुसराच कोणी घेऊन जायचा. सगळा खेळ थांबण्याचा, आणि थांबण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणून सभागृहात त्यांना थंडोबा म्हणायचे. थंडोबाची मुलगी तंद्री! चांगलं जमलं होतं घरातल्या घरात.

त्या सभागृहात गार वारं सोडलेलं असायचं, फुलं टिकावीत म्हणून. शाल लपेटून तंद्री मागच्या ओळीत बाबांच्या शेजारी बसायची आणि समोरून बागाच्या बागा चाकांवर बसून जायच्या. गुलाब जायचे, लिली जायची, जांभळी नाव नसलेली फुलं जायची. ठिपका खाली सरकत असताना सभागृहात कोणी चकार शब्दही काढायचं नाही. शेकडो माणसं एकाच ठिपक्याकडे बघतायत, प्रत्येकाचं बोट बटणावर, आणि प्रत्येकाच्या मनात एक आकडा, जो शेजारच्याला ठाऊक नाही. तंद्रीला वाटायचं, भाव त्या तबकडीवर नसतोच. तो या सगळ्यांच्या मध्ये, हवेत कुठेतरी तरंगत असतो, आणि ठिपका त्याला शोधत खाली येतो. मग कोणाचं तरी बोट हलायचं, ठिपका थांबायचा, आणि तिच्या अंगावर दरवेळी काटा यायचा. हे असं का होतं, याच्यामागे काय आहे, कोणी सांगेल का आपल्याला?

शाळेत सांगणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना मुली आलेखबाई म्हणायच्या, कारण त्या फळ्यावर, टेबलावर, प्रसंगी चहाच्या कपाखालच्या कागदावरही दोन आडव्यातिडव्या रेघा काढून दाखवायच्या. तंद्रीने त्यांना हवेतल्या भावाबद्दल विचारलं तेव्हा बाई हसल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "हे गणिताने सापडतं, बरं का. पण फार सुंदर, फार अवघड गणिताने."

बारावीनंतर अर्थशास्त्र शिकायचं हे ठरलेलंच होतं. घोडं अडलं ते कुठल्या वाटेने शिकायचं यावर. एक वाट होती घराजवळच्या महाविद्यालयात: अर्थशास्त्र आणि व्यापार, तीन वर्षं, वर्ग दुपारचे. म्हणजे सकाळ लिलावाला मोकळी. दुसरी होती दूरच्या विद्यापीठात, आगगाडीने एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागेल इतकं दूर: अर्थशास्त्र आणि गणित, चार वर्षं, शेवटच्या वर्षी स्वतःच्या प्रश्नावर स्वतः काम करायचं. दोन्हीकडे तिला प्रवेश मिळत होता. फक्त संकेतस्थळावर जाऊन एका वाटेपुढचं बटण दाबायचं बाकी होतं.

"पहिल्या वाटेने गेलीस तर बाजारात उत्तम वावरशील," आलेखबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं. "त्यात वाईट काही नाही. पण तू मला जो प्रश्न विचारतेस ना, तो तिथे कोणी विचारणार नाही. तिथे तो सुटलाय असं धरूनच चालतात."

"मग बाई, मी दुसरीकडे जावं?"

"मी कोण सांगणारी? घरी बोल."

घरी बोल म्हणे! तेच तर होत नव्हतं.

कारण असं, की बाबांना तबकडी दिसत नव्हती. जवळचं सगळं दिसायचं, ताटातलं, हातातलं. पण लांबचं बघायला गेलं की नेमका मधला भाग धूसर व्हायचा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की हे चष्म्याने जाणारं नाही. हे कळलं तेव्हा बाबांनी कोणालाच सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. खरेदीदाराला भाव दिसत नाही हे फुटलं असतं तर दुकानदारांनी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बघितला असता. बाबा फक्त म्हणाले, "तंद्रे, चल माझ्याबरोबर. सोबत होईल." ती गेली. एक-दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं की बाबा डोळे बारीक करून कुठेतरी भलतीकडेच बघतायत. गुलाबाची गाडी आली, ठिपका बाबांच्या रोजच्या भावाजवळ आला, आणि तिने न बोलता त्यांच्या कोपराला बोट लावलं. बाबांनी बटण दाबलं. त्यावर दोघंही काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते तसंच चालू होतं. वाटेत बाबा सांगायचे, आज लिली इथपर्यंत, गुलाब तिथपर्यंत. आणि आत गेल्यावर तिने कोपराला बोट लावलं की बाबांचं बटण.

गंमत बघा. ज्या मुलीला दुधाखालचा गॅस वेळेवर बंद करता येत नव्हता, तिचं बोट इथे एकदाही चुकलं नव्हतं.

आता ही चार वर्षांसाठी दूर निघून गेली तर कोपराला बोट कोण लावणार? तंद्रीला हे माहीत होतं. आपल्याला हे माहीत आहे हे बाबांना माहीत आहे, हेही तिला माहीत होतं. पण शब्द काढायची कोणाची छाती होत नव्हती. जेवताना आत्या विषय काढायची, "अरे दादा, त्या कॉलेजचं काय ठरलं?" की बाबा म्हणायचे, "तिला हवं ते तिने ठरवावं." आणि तंद्री म्हणायची, "बाबा म्हणतील तसं." की झालं! पुन्हा दोघं आपापल्या ताटात बघायला मोकळे.

"काय माणसं आहात रे तुम्ही!" आत्या एकदा भडकलीच. "घरात माणसं तीन, त्यातल्या दोघांच्या तोंडाला कुलूप. किती दिवस हे भिजत घोंगडं ठेवायचं? जागा संपतील ना तिकडच्या!"

जागा संपत होत्याच. संकेतस्थळावर गणिताच्या वाटेपुढे उरलेल्या जागांचा आकडा दिसायचा, आणि तो रोज खाली यायचा. तंद्री दुपारी खिडकीत बसून फोनवर तो आकडा बघत राहायची. बघता बघता डोळे जड व्हायचे आणि आकडा लाल व्हायचा. तिला दिसायचं, की सगळ्या शहरावर एक ठिपका लटकलाय आणि हळूहळू खाली सरकतोय. गच्च्यांवर, खिडक्यांत, बसथांब्यांवर माणसं मान वर करून उभी आहेत, प्रत्येकाचं बोट कशावर तरी टेकलेलं. कोणाला झोप हवीय, कोणाला घर, कोणाला फक्त एक पत्ता. कोणीच दाबत नाहीये, सगळे म्हणतायत, अजून थोडं स्वस्त होऊ दे. आणि ती एका लांबलचक व्हरांड्यात उभी आहे, जो तिने फक्त विद्यापीठाच्या फोटोत पाहिला होता. त्याच्या खिडक्यांतून ऊन आत पडलंय आणि व्हरांड्यातून फुलांच्या गाड्या आपोआप चालल्यात, त्यांना ढकलायला कोणीच नाही. तिला त्यांच्या मागे जायचंय. पण तिचं बोट कोणाच्या तरी कोपरावर आहे, आणि ते तिने उचललं तर काहीतरी थांबेल, म्हणून ती उचलत नाही.

जाग आली की तिला मनातल्या मनात एक सोपी गोष्ट सुचायची. आपण काहीच करायचं नाही. जागा आपोआप संपतील, म्हणजे आपल्याला ठरवायला नको, बाबांना बोलायला नको, कोणाला वाईटपणा नको. किती छान! आणि हे छान वाटलं की तिला रडू यायचं.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारपर्यंत मुदत. सकाळी नेहमीसारखे दोघं लिलावाला निघाले. वाटेत बाबांनी लिलीचं सांगितलं, गुलाबाचं सांगितलं. मग कोपऱ्यावर जरा थांबले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "आज हवा बरी आहे." "हो," तंद्री म्हणाली. एवढं बोलून दोघं पुढे चालायला लागले.

सभागृह भरलं. लिलीची गाडी आली, कोपराला बोट, बटण. गुलाब आले, कोपराला बोट, बटण. मधे भराव्याच्या पाल्याच्या गाड्या लागल्या. गुच्छात फुलांच्या मागे खोचायला जी हिरवी पानं लागतात ना, तो पाला. तो कोणी वर घेत नाही. ठिपका अगदी तळाला टेकतो, मग एखादा जांभई देत देत बटण दाबतो. बाबांना तर पाला नकोच होता. म्हणून तंद्रीने शालीच्या आत फोन उघडला.

गणिताच्या वाटेपुढे तीन जागा होत्या.

ती बघत राहिली. समोरून पाल्याची एक गाडी गेली, दुसरी येऊन थांबली, पण तिला ते कळलंच नाही. तीनच्या दोन झाल्या. कोण असेल तिकडे? असेल कोणीतरी, कुठल्यातरी खिडकीत बसलेली, जिने आत्ता दाबलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत दोनची एक झाली.

अशा वेळी माणूस काय करतं? जवळ जे असेल ते धरतं. तंद्रीने बाबांचं कोपर घट्ट धरलं.

बाबांनी बटण दाबलं.

ठिपका वरच्या वर थांबला, सुटल्या सुटल्या. क्षणभर कोणाला काही उमजेना. मग पुढून कोणीतरी ओरडलं, "थंडोबाने पाला घेतला! गुलाबाच्या वर भाव देऊन पाला!" आणि सभागृह जे काय हसायला लागलं! टोपीवाले काका, म्हणजे बाबांचे जन्माचे प्रतिस्पर्धी, त्यांची तर हसून हसून मुरकुंडी वळली. टोपी पडली ती उचलायचीही त्यांना शुद्ध नव्हती.

"काय झालं गं?" बाबांनी हळूच विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "इतक्या वर? कशाची गाडी होती?"

"बाबा, चुकलं माझं." तिने कोपर सोडलं. "ती खूण नव्हती. मी नुसतंच धरलं तुम्हाला. एकच जागा उरलीय."

"गणिताची?"

आपल्याला गणिताचीच वाट हवीय हे तंद्रीने घरात एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. झोपेत बडबडतेस. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले." बाबांनी मान खाली घातली. "रोज ऐकतो आणि रोज गप्प बसतो. वाटायचं, ही कंटाळेल आणि विसरून जाईल. जागा संपतील आणि मला काही बोलावंच लागणार नाही. बापाने असं करावं का गं? लाज वाटते मला."

"मीही तसंच म्हणत होते," तंद्री म्हणाली, आणि तिला हुंदका आला. "संपून जाऊ देत, म्हणजे सुटलो."

"मग आता काय संपायची वाट बघतेस? दाब!"

"पण तुमचं कोपर..."

"कोपर माझं आहे ना? माझं मी बघतो. तू दाब म्हणतो ना!"

इतक्या जोरात त्यांनी हे म्हटलं की पुढच्या दोन ओळी वळून बघायला लागल्या. तंद्रीने दाबलं. फोनवर एक चक्र फिरायला लागलं, फिरतच राहिलं, आणि तिला वाटलं, गेली, दुसऱ्या कोणीतरी दाबलं. मग पडद्यावर तिचं नाव आलं आणि त्यापुढे अर्थशास्त्र आणि गणित. उरलेल्या जागांपुढे शून्य. ती बाबांच्या खांद्यावर कपाळ टेकून बसली. "मिळाली?" बाबांनी विचारलं. तिने मान हलवली, ती त्यांना खांद्यावर कळली.

तोवर तबकडी चालवणाऱ्या बाई काचेच्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर बोलायला लागल्या होत्या. सभागृहाचा एक रिवाज होता. बटण चुकून दाबलं गेलं तर गाडी परत करता यायची, पण उभं राहून, सगळ्यांसमोर कारण सांगून. "मागची ओळ," बाई म्हणाल्या, "पाला ठेवताय की परत करताय? परत करायचा तर कारण सांगा."

बोट घसरलं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगळे तेच म्हणतात. थंडोबाचं तर कोणीही डोळे मिटून मानलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं होतं तसं सुरू झालं असतं. तंद्रीने बाबांची बाही ओढली आणि कुजबुजली, "घसरलं म्हणा, बाबा."

बाबा उभे राहिले. शर्ट खाली ओढून नीट केला. "मला तबकडी दिसत नाही," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. भाव माझी मुलगी बघायची, मी नुसतं बटण दाबायचो. आज तिचं लक्ष तिच्या कामात होतं, आणि ते तसंच असायला हवं. ती शिकायला चाललीय. म्हणून आत्ताच सांगून टाकतो, उद्या कोणी फसवलं म्हणायला नको."

हसणं कधीच थांबलं होतं. आता दुकानदारांना कळणार, आज दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळणार. काचेमागच्या बाईंनी "पाला परत" एवढंच म्हटलं आणि नोंद केली.

मग टोपीवाले काका आपली टोपी शोधून डोक्यावर ठेवत उठले. "म्हणजे इतके दिवस मी त्या पोरीशी हरत होतो?" ते म्हणाले. "कमाल आहे बुवा! अरे थंडोबा, जवळून दिसतं का तुला?"

"जवळून दिसतं."

"मग पुढे ये की. पहिल्या ओळीत माझा भाचा बसतो, त्याला मी मागे पाठवतो. तबकडी तिथून अगदी नाकावर येते."

पहिली ओळ म्हणजे नवशिक्यांची. ज्यांना मिशा फुटल्या नव्हत्या आणि ज्यांना कार्नेशन कुठलं नि गुलाब कुठला हे विचारावं लागायचं, अशी पोरंटोरं तिथे बसायची. सभागृहातले जुने खरेदीदार त्या ओळीकडे बघायचेही नाहीत. बाबा जरा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी कठडा धरला आणि एकेक पायरी चाचपत उतरायला लागले. तंद्री धरायला उठली तर म्हणाले, "बस तू. उतरायला काय लागतं?"

ते पहिल्या ओळीत जाऊन बसले. दोन्हीकडच्या पोरांनी अदबीने पाय आखडून घेतले. एकाने त्यांना बटण कुठलं ते दाखवलं, जसं काही त्यांनी जन्मात बटण पाहिलं नव्हतं, आणि बाबांनी ते ऐकूनही घेतलं. डावीकडच्या दारातून पिवळ्या गुलाबांची गाडी आली. ठिपका पेटला आणि खाली सरकायला लागला. मागच्या ओळीत तंद्री पुढे वाकून ठिपक्याकडे बघत होती. बाबांनी पिवळ्या गुलाबांचं काय सांगितलं होतं ते तिला पाठ होतं. ठिपका तिथवर आला. तिथून खाली गेला. अजून खाली गेला. आता कोणीतरी घेणार, ती मनात म्हणाली, आणि तेवढ्यात ठिपका थांबला. पहिल्या ओळीतलं दिवा पेटलेलं बटण बाबांचं होतं.

बाबा खुर्चीत मागे वळले. त्यांनी वर, मागच्या ओळीकडे बघून हात केला. पण तिथून त्यांना नुसती माणसांची एक धूसर रांग दिसत असणार, कारण त्यांनी हात केला तो तंद्रीच्या बऱ्याच डावीकडे, एका रिकाम्या खुर्चीला. तिथे कोणी नाही हे त्यांना कळत नव्हतं. ते हसून हात हलवतच होते.

तंद्री उठली, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत धावत गेली, त्या रिकाम्या खुर्चीत बसली, आणि तिने दोन्ही हात वर करून हलवले.